गावाचं दुकान आणि चांगुनाआत्या

अन्याय झाला तो चांगुनाआत्यावर. मिठपाड्याच्या चांगुनाआत्यावर, शहाण्णव सालच्या होळीच्या आदल्या दिवशी सकाळी, दुकानाच्या फळ्या नुकत्याच काढून झाल्या होत्या आणि पहिल्या गिऱ्हाइकासाठी तिनं गूळ फोडायला घेतला होता तेव्हा. हे मी आधीच लिहून टाकते, कारण आमच्या गावात आता लोक म्हणतात, ‘दुकानावर कारवाई झाली.’ दुकानावर कसली कारवाई होते? दुकानाला काय कळतं? कारवाई माणसावर होते. आणि त्या सकाळनंतर गावानं आत्याचं जे केलं, ते अतिक्रमणवाल्यांच्या मशीनलाही जमलं नसतं.

मला पत्रकं लिहायची सवय आहे. कोणावर, कधी, कोणी. खाली जाहीर निषेध, त्याखाली मंडळाचं नाव, संपलं. आत्यावरचं पत्रक मी लिहायला बसले, पण ती एका पानात मावेना. निषेधाच्या ओळीशी पोचायच्या आतच तिचं काहीतरी बोलणं आठवायचं आणि लिहिणं बाजूला राहायचं. म्हणून हे एवढं लांबलेलं लिखाण.

शिरवण्याहून तुर्भ्याकडं निघालात की एका अंगाला सेक्टरच्या इमारती आणि दुसऱ्या अंगाला कारखान्यांच्या भिंती लागतात. त्यांच्या मधे चेपलेला आमचा मिठपाडा. जुनी कौलारू घरं, त्यांच्या परसात घुसवलेल्या भाड्याच्या चाळी, आणि गटारावर टाकलेल्या लाद्या. मिठागरं गेली, भाताची शेतं गेली, सगळं शहराला गेलं. सगळ्यांचं मिळून म्हणावं असं दोनच गोष्टींत उरलं होतं. एक गावदेवीचं देऊळ, दुसरं दुकान.

दुकान गावकीचं होतं. शेतं गेली तेव्हा बाहेरचे व्यापारी गावात ठाण मांडायला आले. गावकीनं ठरवलं, मीठ-मिरचीसाठी परक्याच्या तोंडाकडं बघायचं नाही. मग कोणी वासे दिले, कोणी जुन्या गोठ्याची कौलं उतरवून दिली, पाया खणायला घराघरातून माणूस आला. समोर लांबलचक ओटा बांधला, त्याला भेंडीच्या झाडाची सावली. जे काही सुटेल ते देवीच्या जत्रेला आणि शाळेच्या पत्र्यांना. मालक कोणी नाही, गाव मालक.

पण दुकानात बसणार कोण? वरच्या आळीचा माणूस बसवला तर खालची आळी म्हणणार, खाल्लं. खालचा बसवला तर वरची म्हणणार, बुडवलं. शेवटी कोणाला तरी चांगुना आठवली. ती मिठपाड्याचीच लेक. पनवेलच्या बाजूला दिलेली, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून माहेरी परतलेली. आई-बाप, भाऊ कोणी राहिलं नव्हतं, देवळामागच्या खोलीत एकटी राहायची. म्हणजे तिला आळी नव्हती. गावच्या लेकीला सगळी पोरं आत्या म्हणतात, मग मोठेही म्हणायला लागले. ती बसली दुकानात, आणि दुकान मोडेपर्यंत बसली.

आम्ही मिठपाड्याचे नव्हतो. वडील तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी, मूळ साताऱ्याकडचे. गावात एका खोलीत भाड्यानं राहायचो. गावाच्या तोंडी आमच्यासारख्यांना एकच नाव, भाडोत्री. आई पहिल्यांदा दुकानात गेली तेव्हा मी तिच्या पदराला होते. ओट्यावर गावच्या बायका बसलेल्या, म्हणून आई खालीच उभी राहिली, दोन हात लांब.

“मीठ तेवढं द्या, जाते लगेच,” आई म्हणाली.

“जातंस कुठं? वर ये,” आत्या म्हणाली.

“आम्ही भाडोत्री हाय, बाई.”

“भाडोत्री म्हंजे काय, तुना खरे दिसत नाय तांदलातले? बस. ह्या सूप घे नी निवर.”

आईच्या हातात सूप आलं. तिनं खडे निवडायला घेतले. शेजारची म्हातारी जरा सरकली. त्या दिवसानंतर आई खाली उभी राहिली नाही. आत्यानं तिला जवळ घेतलं नाही, की पाठीवर हात फिरवला नाही. काम दिलं, बस.

हीच तिची रीत होती. ओट्यावर कोणीही येऊन बसावं, पण रिकाम्या हातानं बसायचं नाही. चिंचेतले चिंचोके काढा, लसूण सोला, सुतळीच्या गुंड्या करा. पुरुष आले तर त्यांना नायलॉनच्या धाग्याची रिळं भरायला लावायची. पेपर वाचणाऱ्यालासुद्धा म्हणायची, “वाच, पन मोठ्यानं वाच, आमच्या कानाला पन काम.” सगळ्या गावाच्या बातम्या ह्या निवडण्या-सोलण्यात फिरायच्या. कोणाची सोयरीक कुठं जमली, कोणाच्या पोराला कंपनीतून काढलं, कोणाची सून रुसली, सगळं तिथंच कळायचं. आणि भांडणंही तिथंच मिटायची.

खालच्या आळीतल्या दोघी जावा, भिंतीला भिंत घर, एका मोरीच्या पाण्यावरून बोलायच्या थांबलेल्या. एक आली की दुसरी ओट्यावरून उठायची. आत्या बरेच दिवस बघत राहिली. मग एका दुपारी तिनं दोघींना मधे एकच सूप ठेवून बसवलं. थोरली म्हणाली, “मी हिच्याबरोबर नाय निवरनार.” आत्या म्हणाली, “हिच्याबरोबर कोन सांगतंय? तांदलाबरोबर निवर.” दोघी समोरासमोर, तोंडं दोन दिशांना. अर्धं सूप निवडून झालं. मग थोरली पुटपुटली, “यो खरा बघ, दात जाल कुनाचा.” धाकटी म्हणाली, “मना दिसला व्हता, मी बोलनार व्हते.” आत्यानं आतून आवाज दिला, “दिसला व्हता तं बोलाचा ना! एवरे दिस तोंडान काय मीठ धरलं व्हतास?” सगळा ओटा हसला. त्या दोघीपण.

गिऱ्हाइकाला माल द्यायची तिची पद्धत मी नंतर कुठं पाहिली नाही. आधी कोण आलं ते ती बघायची नाही. गर्दी झाली की विचारायची, “कुनाचा चुलीवर हाय?” ज्या बाईनं भाजी फोडणीला टाकून तिखटासाठी धाव घेतली असेल तिचा नंबर पहिला. आणि गंमत म्हणजे कोणी खोटं बोलायचं नाही. एकदा तुर्भ्याचा एक टेम्पोवाला बिडीसाठी थांबला, इंजिन चालू ठेवून. ओरडायला लागला, “ओ मावशी, जल्दी करो ना, टाइम नाय आपल्याकडं.”

आत्या म्हणाली, “तुजा चुलीवर काय हाय?”

“माझं इंजिन चालू आहे ना!”

“मंग शिजू दे त्याला,” म्हणून ती पुढच्या पोरीचं तेल मोजायला लागली. टेम्पोवाला इतका चक्रावला की खाली उतरला, ओट्यावर बसला, आणि बसल्या बसल्या त्याच्या हातात लसूण आली.

मी कॉलेजात गेले, मोर्चे-सभा करणाऱ्या मंडळात गेले, पत्रकं वाटायला लागले. पाण्याची लाइन, चाळीचे संडास, गावठाणाची हद्द, विषयांना तोटा नव्हता. मी दुकानात गठ्ठा ठेवायची. “आली गो माजी पत्रकवाली,” आत्या म्हणायची. आठवड्यानं जाऊन बघावं तर गठ्ठा गायब. मी खूश. मग कळलं की ती माझ्या पत्रकांत चहापावडरीच्या पुड्या बांधते. मी चिडले.

“आत्या, ते वाचायला दिलेत, पुड्या बांधायला नाहीत!”

“आगो, हातात दिला तं लोक रस्त्यान टाकतान. पुरी बांधली का घरान जातंय. चा उकलंपरेत बाया वाचतान. तुजा कागद लय कामाचा. जरा जार काढ, फाटतंय.”

खरंच होतं तिचं. संडासाच्या मोर्चाला ज्या बायका आल्या त्या पुडीवरचं वाचूनच आल्या होत्या.

आता पाटीची गोष्ट सांगते. मला विचाराल तर पुढचं सगळं त्या पाटीपासून आहे.

एका साबणाच्या कंपनीचा माणूस दुकानादुकानांतून पत्र्याच्या पाट्या फुकट लावत फिरत होता. वर साबणाची जाहिरात, खाली दुकानाचं नाव. त्यानं रस्त्यावरच्या कोणाला तरी विचारलं, दुकानात कोण बसतं, आणि रंगवून टाकलं, ‘चांगुणा जनरल स्टोअर्स’. दुपारच्या वेळी तारेनं बांधून गेलासुद्धा. मी तिकडून येत होते. आत्या रस्त्याच्या पलीकडं उभी राहून पाटीकडं बघत होती. दुकान सोडून ती पलीकडं गेलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

“वाच गो,” ती म्हणाली.

“चांगुणा जनरल स्टोअर्स.”

“आक्खा वाच.”

“आख्खंच वाचलं, आत्या.”

“माजा नाव तवरा मोठा?” तिनं तोंडाला पदर लावला. मला वाटलं हसतेय. डोळे पुसत होती. नवऱ्याचं नाव गेलं, बापाचं नाव गेलं, रेशनकार्डावर ती कोणाच्या तरी घरात जोडून घेतलेली. तिचं एकटीचं नाव कुठं लिहिलेलं तिनं कधी बघितलंच नव्हतं, आणि आता ते पत्र्यावर, निळ्या रंगात.

संध्याकाळी बाळारामदादा आले. गावकीचे पंच. पांढरा लेंगा, पांढरी टोपी, बोलायच्या आधी खाकरायची सवय. त्यांच्यामागून पाच-सहा बाप्ये.

“काय गो आत्या, शेठानी झालीस वाटतं.”

“मी नाय लावली रं दादा, त्या साबनवाल्यान...”

“आज पाटी, उद्या सातबारा. दुकान गावाचा हाय. गावान तुना बसवली, गाव उठवल पन. तुजा नाव परत कुठं दिसला ना, कागदावर नायतर पत्र्यावर, तं दुसरी बाय बसवू.”

ओट्यावर माणसं होती. एकानं म्हणायचं होतं, दादा, जाऊ द्या, साबणवाल्याची चूक आहे. एकानंही म्हटलं नाही. दोघंतिघं हसले. आत्या रॉकेलच्या रिकाम्या पिंपावर चढली आणि स्वतः तार सोडवायला लागली. बोटाला तार लागली, रक्त आलं. पाटी खाली उतरवून तिनं ती उपडी केली आणि मिठाच्या पोत्याखाली घातली, ओल लागू नये म्हणून. त्यानंतर कोणी ‘चांगुनाआत्याचं दुकान’ म्हटलं की ती लगेच म्हणायची, “गावाचा.” लहान पोरांनासुद्धा. “कुनाच्या दुकानातशी गोली आनलीस? गावाच्या. काय सांगशील? गावाच्या.” तिनं हे इतकं मनावर घेतलं.

त्यानंतरचा पावसाळा संपल्यावर अतिक्रमण खात्याचे सर्व्हेवाले आले. हातात टेप, खांद्याला पिशवी, घराघरावर खडूनं नंबर टाकत चाललेले. दुकानापाशी आले तेव्हा ओटा भरलेला. बाळारामदादाही होते.

“ह्या बांधकामाचा मालक कोण?” सर्व्हेवाल्यानं विचारलं.

“गाव,” आत्या म्हणाली.

“गाव म्हणजे कोण? मला एक नाव सांगा.”

“एक कसा सांगू? एकान बांधला नाय.”

“आजी, तुम्ही चालवता ना? तुमचं नाव सांगा, विषय संपला.”

मी तिथं होते. आत्यानं बाळारामदादांकडं बघितलं. दादा खाकरले आणि भेंडीच्या झाडाकडं बघायला लागले. आत्या पदर खांद्यावरून ओढून घेत म्हणाली, “माजा नाव नाय लिवाचा. दुकान माजा नाय. लिवाचा तं सगल्यांचा लिव, वरच्या आलीपासना सांगतंय.” आणि खरोखर घराघरानं नावं सांगायला लागली. सर्व्हेवाल्यानं पेन खिशाला लावलं. म्हणाला, “एवढी जागा नाही आमच्याकडं.” ओट्यावरचे सगळे हसले. खूश झाले. आपल्या आत्यानं सरकारी माणसाला गार केलं! दादा म्हणाले, “बराबर बोललीस. गावाचा म्हंजे गावाचाच.” त्या दिवशी तिला ते ‘बराबर बोललीस’ किती गोड लागलं असेल! पाटीनंतर तिच्याशी कोणी असं बोललं नव्हतं.

खडूनं दुकानावर नंबर पडला, नावाच्या जागी रेघ.

आणि दुकानाच्या मागच्या बाजूला दादांची नवीन चाळ होती, तिचं काय झालं? तिथं नावं पडली. एका खोलीला दादांचं, एकीला बायकोचं, एकीला मुलाचं, जो अजून शाळेत होता. तिथं नाही कोणी म्हणालं, गावाचं. मी हे उगाच चिडून लिहीत नाही, ह्याचा परिणाम काय झाला तो सांगते. ज्या बांधकामाला नाव, त्या नावावर नोटीस आली. नोटीस आली की वकील करता येतो, कोर्टात जाता येतं, स्टे मिळतो. दादांच्या चाळीला स्टे मिळाला. गावातल्या बहुतेक घरांना मिळाला. दुकानाला नोटीसच आली नाही. रेघेच्या नावानं नोटीस कोण काढणार?

मग होळीच्या आदल्या दिवसाची ती सकाळ. घराघरात पुरणाची तयारी, म्हणून गुळाला गर्दी. मशीन रस्त्याच्या तोंडाशी येऊन उभं राहिलं, मागं पोलिसांची गाडी. पुरुष कामावर गेलेले. दादा आणि पंच कुठं होते? ‘साहेबाला भेटायला गेलो होतो’ असं नंतर म्हणाले. कोणत्या साहेबाला, ते आजवर कळलं नाही.

बायकांनी माल बाहेर काढायला सुरुवात केली. पोती, डबे, तेलाचे पिंप, हातोहात ओट्यावरून खाली. माझी आई, त्या दोघी जावा, सगळ्या. मी मशीनबरोबर आलेल्या साहेबापुढं उभी राहून ओरडत होते, नोटीस दाखवा, ऑर्डर दाखवा. तो म्हणाला, “मालक कोण आहे ते सांगा, त्याला दाखवतो.”

आत्या आत होती. तिच्यासमोर एक लेकुरवाळी बाई गुळासाठी उभी होती, हलत नव्हती, कारण काय करावं तिला कळत नव्हतं. आत्या गूळ फोडून ताजव्यात टाकत होती. पोलीस आत वाकून म्हणाला, “चला आजी, उठा.”

“इला गूल तं देऊ दे,” आत्या म्हणाली.

“नंतर द्या.”

“नंतर कुठशी देऊ?”

हे तिनं भांडून विचारलं नाही. खरंच विचारलं. पोलीस जरा थांबला, हे मी मान्य करते. तिनं गूळ तोलला, कागदात बांधला, त्या बाईच्या हातात दिला. मग उठली, आणि सवयीनं फळ्या लावायला लागली. एक फळी खाचेत बसवली, दुसरी बसवली. दोघी जावांनी तिला धरून बाहेर आणलं. मशीननं आधी ओटा फोडला.

पावसाळी ढेकूळ विरघळावं तसं ते दुकान गेलं, आवाज तेवढा मोठा. धूळ बसल्यावर कौलांच्या ढिगात ती निळी पाटी वर आलेली दिसली, मिठानं गंजलेली, नाव निम्मं गेलेलं. आत्यानं ती पाहिली. उचलली नाही.

आतापर्यंतचं शहरानं केलं. पुढचं आपण केलं.

होळी झाल्यावर देवळात गावकीची बैठक भरली. बायका मागं भिंतीला. आत्याला पुढं बसवलं होतं, एकटीला. एकेकजण बोलायला लागला. दुकान गेलं, आता सेक्टरात जावं लागतं, तिथले मराठीत बोलत नाहीत, म्हाताऱ्यांनी बसायचं कुठं. सगळं खरं. मग दादा खाकरले.

“मी काय बोलतंय, त्या दिसा आत्यान आपला नाव दिला असता तं नोटीस आली असती. नोटीस आली असती तं दुकान वाचला असता. आता कुनाला बोलून काय फायदा?”

बोलून फायदा नाही म्हणत म्हणत बोलून झालं होतं. मग मागून एक बाप्या म्हणाला, “हां, नाव द्याला काय झालतं?” आणखी एक म्हणाला, “म्हातारीचा हट.” बघता बघता सगळ्यांचं ठरून गेलं. दुकान आत्यानं घालवलं.

मी उठून पाटीचं बोलायला लागले. “भाडोत्र्यांनी गावकीत बोलाचा नाय,” असं म्हणून मला खाली बसवलं. माझी आई उभी राहिली, तिलाही बसवलं. त्या दोघी जावांनी माना खाली घातल्या. त्या गावच्या सुना, त्यांना बोलायची सोय होती. बोलल्या नाहीत.

आत्या सगळं ऐकत होती. तिनं दादांना एकच विचारलं.

“मी नाव दिला असता, तं तुमी मना ठेवली असती का रं?”

तिनं थोडी वाट बघितली. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, देवीला हात जोडले आणि गेली.

ओटा नाही म्हटल्यावर बायका भेटेनाशा झाल्या. आत्या खोलीच्या दारात बसायची. येणारे-जाणारे मान फिरवायचे. भांडण नव्हतं, काही नव्हतं. तिच्याशी बोलायचं तर काहीतरी कबूल करावं लागलं असतं, म्हणून बोलायचं नाही. पाणी भरायला ती सगळ्यांच्या नंतर जायला लागली. मग एक दिवस बेलापूरजवळच्या दिवाळे गावाहून तिची मावसबहीण आली आणि तिला घेऊन गेली. गाठोडं एवढंसं. रिक्षा गावाबाहेर जाईपर्यंत कोणी दारात आलं नाही. आईनं मात्र गूळ-शेंगदाणे बांधून दिले.

मी अतिक्रमण खात्यात खेटे घातले. तिथल्या एका बाबूनं शेवटी नीट ऐकून घेतलं. म्हणाला, “दुकान गावाचं होतं म्हणता ना? मग गावानं यावं. समोर उभं राहून सांगावं, आम्ही बांधलं, आम्ही ही बाई बसवली, नाव लावू नको असं आम्हीच तिला सांगितलं. मग दुसऱ्या जागेचा विचार करता येईल.” मी पळत गावात आले. दादांना सांगितलं. ते म्हणाले, “बघू.” पंचांना सांगितलं. ते म्हणाले, “दादांना विचार.” नवीन दुकानाची जागा मिळावी हे सगळ्यांना हवं होतं. ते एक वाक्य बोलणं कोणालाच नको होतं.

मग मी दिवाळ्याला गेले. खाडीच्या काठावर, जिथं बायका जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घालतात, तिथं आत्या बहिणीबरोबर उन्हात बसली होती. वाळली होती. माझ्याकडं बघून हसली. आई कशी आहे विचारलं, त्या दोघी जावांचं विचारलं, धाकटीच्या मुलीचं लग्न जमलं का विचारलं. मी बाबूचं बोलणं सांगितलं. तिनं नीट ऐकलं.

“बालाराम जाल का?” तिनं विचारलं.

“नाही, आत्या.”

“दुसरा कोनी?”

ती हातानं जवळा पसरत राहिली.

तेवढ्यात बेलापूरच्या सेक्टरातली एक बाई जवळा घ्यायला आली. बोलकी होती. बहिणीशी भाव करता करता आत्याकडं वळली.

“मावशी, तुम्हाला नवीनच बघतेय. कुठल्या गावच्या तुम्ही?”

बहीण कौतुकानं म्हणायला गेली, “आगो, ही तं मिठ...”

“हितलीच,” आत्या मधेच म्हणाली. “दिवाल्याची.”

“पहिल्यापासून?”

“हां. पयल्यापासना.”

बाई जवळा घेऊन गेली. बहीण आत्याकडं बघत राहिली. आत्यानं माझ्याकडं बघितलं नाही. खाडीला भरती लागत होती, ती उठली आणि जवळ्याची चटई काठापासून मागं ओढायला लागली. मी दुसरं टोक धरलं. चटई ओढून झाल्यावर ती म्हणाली, “जा तू आता, बस चुकल.”

हे मिठपाड्याच्या घराघरात जाणार आहे, ह्याची मी सोय केली आहे. म्हणून आता सरळ तुमच्याशी बोलते. तुम्ही त्या पाटीच्या संध्याकाळी ओट्यावर होतात. दादा बोलत होते आणि तुम्ही ऐकत होतात. तुम्ही नसाल तर तुमचा बाप होता, तुमचा नवरा होता. मला तुमची सही नको, मोर्चा नको, वर्गणी नको. दिवाळ्याची बस पकडा. खाडीवर जा. तिच्यासमोर उभे राहा आणि म्हणा, “आत्या, नाव लावू नको असं आम्ही तुला सांगितलं होतं.” खात्यात जाऊन तेच सांगायचं आहे, पण ते नंतर. आधी तिला सांगा. ह्या आठवड्यात जा.